मागच्या बैठकीवरून

नवी मोटारसायकल घेतली की ती आधी चर्चच्या पायऱ्यांशी आणावयाची, हँडलला झेंडूचा हार घालावयाचा आणि फादरांकडून तिजवर पवित्र पाणी शिंपडून घ्यावयाचे, ही आपल्या खेड्यांतील रीत वाचकांस ठाऊक आहे. आमच्या धर्मग्रामात मात्र गेली तीन वर्षे या रीतीत एका गोष्टीची भर पडली आहे. प्रार्थना म्हणण्यापूर्वी आम्ही झगा आवरून त्या नव्या गाडीच्या मागच्या बैठकीवर बसतो आणि धन्याने आम्हांस एक फेरी मारून आणावी असे सांगतो. फेरी फार मोठी नसते. बाजार, शाळेपुढचा गतिरोधक, नदीकडचा उतार आणि दोन वळणे. परत आल्यावर पाणी शिंपडतो. पाद्रीबाबांना फुकट सवारीची हौस आहे असे काही जण म्हणतात, आणि ते अगदीच खोटे नाही. राशोलच्या गुरुविद्यालयात असता आम्ही तर्कशास्त्राइतकेच लक्ष टेकडी चढून येणाऱ्या मोटारसायकलींच्या आवाजाकडे देत होतो. हा अपराध आमचे गुरुजन आता क्षमा करतील अशी आशा आहे.

पण या फेरीचे मूळ हौसेत नाही. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात एकवीस वर्षांच्या एका तरुणाने आपली गाडी आणली होती. लांब, बुटकी, काळी कुळकुळीत. बहिणीने हार गुंफला होता. आम्ही प्रार्थना म्हटली, पाणी शिंपडले, पेढा खाल्ला. जुलैत अस्नोड्याहून डिचोलीकडे जाताना एका वळणावर ती गाडी वळली नाही. पावसाने लाल माती रस्त्यावर उतरली होती. वळणाच्या मध्यावर घाबरून त्याने पुढचा ब्रेक दाबला. कललेली गाडी उभी झाली आणि सरळ गेली. दोष गाडीचा नव्हता. तो मुलगा आजवर आईची हलकी स्कूटर चालवीत होता, आणि स्कूटर जशी मनगटाने वळते तशीच हीही वळेल असे त्यास वाटले. मयताच्या मिस्सात आम्ही प्रवचन केले. त्यात काय बोललो ते आज आठवत नाही. आठवते ते एवढेच, की दफन झाल्यावर त्याच्या बापाने आम्हांस बाजूस घेऊन विचारले, “पाद्रीबाब, तुम्ही त्याला चालवताना पाहिले होते काय?”

पाहिले नव्हते.

तेव्हापासून आम्ही मागे बसतो. त्यामुळे पेडणे तालुक्यात ज्या ज्या जातीच्या मोटारसायकली आल्या त्यांपैकी बऱ्याच आमच्या पाठीच्या कण्यास परिचित झाल्या आहेत. हे ज्ञान पुस्तकी नव्हे. आणि याच ज्ञानाच्या ख्यातीमुळे गेल्या मे महिन्यात एक कुटुंब आपला तंटा घेऊन आमच्या ओसरीवर आले.

बाप पेडण्याच्या स्टँडवर अठ्ठावीस वर्षे पायलट आहे. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगावयास हवे, की आमच्याकडे भाडे घेऊन माणसे नेणाऱ्या मोटारसायकलवाल्यास पायलट म्हणतात आणि पिवळ्या मडगार्डावरून त्याची गाडी ओळखतात. मुलगा जहाजावर नोकरीस. सुटीवर आलेला, हाती थोडे पैसे जमलेले. त्यास क्रूझर घ्यावयाची होती. बापाचे म्हणणे, शंभर सीसीच्या गाडीने आपले घर उभे राहिले, तुझे शिक्षण झाले. दुप्पट वजनाचे धूड कशाला? आई मधल्या मध्ये. तिचे गुडघे दुखतात, आणि तिची विधवा बहीण डिचोलीस असते. बसने जावयाचे तर म्हापशास उतरून दुसरी बस धरावी लागते. “मला चढता-उतरता यावे, बाकी बापलेकांनी काय ते ठरवावे,” असे ती म्हणाली. खरे पाहता निवाडा तिने त्याच क्षणी दिला होता. तो आम्हांस कळावयास दोन आठवडे लागले.

मुलाच्या मनात प्रथम भरली होती ती रॉयल एनफिल्डची गोवन क्लासिक ३५०. नोव्हेंबर २०२४ मध्ये वागातोरच्या मेळ्यात ती लोकांपुढे आली. नावातच गोवा, मग गोव्याच्या पोराचा जीव तिच्यावर न जडला तर नवल. उंच हँडल, जमिनीपासून अवघी ७५० मिलिमीटर उंचीची बैठक. पण मागची बैठक काढता-घालता येणारी, मागे लोंबकळल्यासारखी. चित्र पाहताच आईने विचारले, “आणि मी कुठे बसू? मडगार्डावर?” त्या गाडीचा विचार तिथेच संपला.

क्रूझर म्हणजे काय, हे येथे थोडक्यात सांगतो. १९०३ साली स्थापन झालेल्या हार्ले-डेव्हिडसनसारख्या अमेरिकन कंपन्यांनी आपल्या देशाचे लांबच लांब सरळ रस्ते डोळ्यांपुढे ठेवून जी गाडी घडविली तिचा हा वंश. बैठक खाली, पाय पुढे, हात पसरलेले, पुढचा फोर्क अधिक तिरपा आणि दोन चाकांमधले अंतर मोठे. आपल्या देशात १९५५ पासून मद्रासला तयार होऊ लागलेली बुलेट या जातीची नव्हे. तीवर माणूस ताठ बसतो. खिशास परवडणारी क्रूझर सामान्य हिंदी माणसास मिळाली ती २००१ च्या कावासाकी-बजाज एलिमिनेटरपासून. पाठोपाठ २००२ मध्ये रॉयल एनफिल्डची थंडरबर्ड आणि २००५ मध्ये बजाजची अॅव्हेंजर आली. दिवंगत पोप फ्रान्सिस यांसही २०१३ साली हार्लेच्या ११० व्या वर्धापनाच्या निमित्ताने अशी एक गाडी भेट मिळाली होती. त्यांनी ती स्वतःपाशी ठेवली नाही. २०१४ च्या फेब्रुवारीत पॅरिसला तिचा लिलाव झाला आणि पैसा रोमच्या कारितास संस्थेकडे, बेघरांच्या निवाऱ्यासाठी गेला. आमच्या धर्मग्रामात असा दाता अद्याप कोणी भेटला नाही.

असो. तंटा तोंडी मिटणार नाही हे पाहून आम्ही सुचविले, की तीन गाड्या मागून आणाव्यात आणि खऱ्या रस्त्यावर पाहाव्यात. एका शिक्षकांची अॅव्हेंजर २२० मिळाली, मुलाच्या चुलतभावाची मीटिअर ३५०, आणि डिचोलीच्या एका मित्राची सुपर मीटिअर ६५०. एका सोमवारी सकाळची मिस्सा आटोपून निघालो. मार्ग आईच्या नेहमीच्या जाण्याचा : पेडणे, धारगळ, कोलवाळचा पूल, थिवी, अस्नोडा, डिचोली, तीसएक किलोमीटर. बाप आपल्या पिवळ्या मडगार्डाच्या गाडीवर मागोमाग, न बोलता.

धारगळ ते कोलवाळ हा महामार्ग रुंद आणि सरळ. येथे सुपर मीटिअरचे राज्य. २४१ किलो वजन, ६४८ सीसीचे दोन सिलिंडरांचे इंजिन, चाकांच्या आसांमधले अंतर १५०० मिलिमीटर. शापोरा नदीच्या पुलावर वारा आडवा येतो, तोही तिला हलवीना. मागे बसून आम्हांस वाटले की पन्नासने चाललो आहोत. खांद्यावरून डोकावलो तो काटा ऐंशीवर. तेव्हा ध्यानी आले, की आरामाचा धोका हाच आहे. बापाची शंभर सीसीची गाडी साठीला पोचली की सारे अंग थरथरू लागते, आरसे नाचतात, आणि चालविणारा आपोआप हात सैल सोडतो. ही जड गाडी काहीच सांगत नाही. तिच्यावर वेग कानाने किंवा अंगाने कळत नाही, काट्याकडे पाहूनच कळतो. आणि विशीतला मुलगा काट्याकडे पाहतो तो भलत्याच हेतूने.

थिवीला संत क्रिस्तोफरच्या ख्रिस्तमंदिराजवळ सर्वांनी क्रुसाची खूण केली. प्रवाशांचा हा आश्रयदाता नेमका आमच्या वाटेवर बसला आहे, हे आमचे भाग्य. तिथून रस्ता अरुंद झाला आणि परीक्षेस खरा आरंभ झाला.

खड्ड्यांचे शास्त्र आम्हांस बापाने शिकविले. तो म्हणाला, “पाद्रीबाब, माझ्या गाडीवर खड्डा आला की मी पायांवर जोर देऊन ढुंगण दोन बोटे उचलतो. या गाडीवर उचलून दाखवा.” आम्ही अॅव्हेंजर स्वतः चालवून पाहिली. खरेच उचलता येईना. पाय पुढे ताणलेले असल्याने सारे शरीर माकडहाडावर. गुडघ्यांचा स्प्रिंगसारखा जो उपयोग होतो तो येथे नाहीसा होतो. सपाट रस्त्यावर तीच बैठक आरामखुर्ची, खड्ड्यात मात्र हिशेब थेट कण्याशी. याउलट तिची बैठक ७३७ मिलिमीटर उंच, वजन १६३ किलो. आमच्यासारख्या मध्यम उंचीच्या माणसाचे दोन्ही पाय जमिनीवर पुरते टेकतात आणि गाडी ढकलून वळवावयाची तर श्वास लागत नाही. ज्याचा रस्ता चांगला आहे आणि देह फार बळकट नाही, अशा गृहस्थास ती मानवेल. शिक्षकांचे तिजवर प्रेम आहे, ते अस्थानी नव्हे.

मीटिअर नोव्हेंबर २०२० मध्ये आली. ३४९ सीसी, २० अश्वशक्तीच्या किंचित वर, वजन १९१ किलो, बैठक ७६५ मिलिमीटर. आकड्यांपेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की तिच्यात पाय पुढे आहेत पण फार पुढे नाहीत. मोठा खड्डा आला तर अंगाचा थोडा भार पायांवर घेता येतो. पुढचे चाक १९ इंची. बैलगाडीचे चाक मोठे का असते हे ज्याने पाहिले आहे त्यास याचे कारण सांगावयास नको : लहान चाक खड्ड्यात उतरते, मोठे चाक बरेचसे वरून जाते. अॅव्हेंजरचे पुढचे चाक १७ इंची आहे. सुपर मीटिअरचे १९ इंचीच, परंतु तिचे मागचे शॉकअप १०१ मिलिमीटर एवढेच दबतात. बुटक्या गाडीस मागे खोली कोठून मिळणार? आणि इंजिनाखाली जमिनीपर्यंत अवघे १३५ मिलिमीटर अंतर. मीटिअरला १७० आहे. आमच्या पंचायतींनी जे गतिरोधक बांधून ठेवले आहेत त्यांची उंची कोणत्याही नियमात बसत नसावी. त्यांपुढे हे ३५ मिलिमीटर म्हणजे मोठी दौलत होय.

आता वळणे. अस्नोड्यापासून मुळगावकडे रस्ता वळत वळत जातो. लांब गाडी आणि लांब पडाव यांचा स्वभाव एकच. सरळ प्रवाहात दोन्ही स्थिर, वळावयाचे म्हटले की दोन्ही नदीची रुंदी मागतात. मुलगा जहाजावरचा, ही उपमा त्यास लागलीच पटली. सुपर मीटिअरला वळणावर घालावयाची तर आधीपासून मनाची तयारी हवी. एकदा कलली की ती आपली रेघ सोडीत नाही, पण ऐनवेळी रेघ बदला म्हटले तर तिचे वजन ऐकत नाही. मीटिअरच्या आसांमधले अंतर १४०० मिलिमीटर, म्हणजे हातभर नव्हे, चार बोटेच कमी. तथापि त्या चार बोटांनी वळणात पुष्कळ फरक पडतो. समोरून ट्रक आला, कडेला सरकावे लागले, गाय उठून मध्ये आली, तर ती ऐकते.

मग ते वळण आले. मुलाला ठाऊक होते. गेलेला तरुण त्याच्याच वर्गातला. त्याने गाडी थांबविली नाही, आम्हीही काही म्हटले नाही. वळणाच्या पुष्कळ अलीकडे त्याने वेग कमी केला, एक गिअर उतरविला, आणि ब्रेकवरची बोटे काढून घेतली. मागे बसणाऱ्यास हे सारे कळते. चालविणाऱ्याचे खांदे आवळले की मागच्याचे पोट आवळते. त्याचे खांदे सैल होते. वळणाच्या आत आम्ही डोळे मिटले होते हे कबूल करतो. तेवढ्या अवधीत एक ‘नमो मरिया’ पुरी होते.

पलीकडे चहाच्या टपरीवर बाप प्रथमच मोकळेपणाने बोलला. त्याचा मुद्दा असा, की २०१९ पासून १२५ सीसीवरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले, पोरांना वाटते की आता ब्रेक कितीही दाबावा. चाक जाम होऊन घसरत नाही हे खरे, पण वळण काही त्याने रुंद होत नाही. “ब्रेक वळणाच्या आधी. आत गेल्यावर नजर जिथून बाहेर पडायचे तिथे.” अठ्ठावीस वर्षांत मागे माणूस बसवून त्याने किती वळणे घेतली असतील याची गणती नाही. हे ज्ञान त्याने मुलाला कधी सांगितले होते काय, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, “त्याने कधी विचारले नाही.” मुलगा म्हणाला, “पाय, तू कधी मला मागे बसवून शिकवलेच नाहीस. भाडे असायचे मागे.” दोघेही मग चहाकडे पाहत राहिले. आम्हांस उगीचच ती भिंतीवरची बिस्किटांची जाहिरात फार वाचनीय वाटू लागली.

परतीच्या वाटेवर आईची पाळी. ती डिचोलीस बहिणीकडे आदल्या दिवसापासून होती. कापड नेसलेली, त्यामुळे एका बाजूस पाय सोडून बसणार. सुपर मीटिअरवर ती चढली, परंतु मुलगा म्हणाला की आई एका बाजूस आणि हे वजन, बहिणीच्या दारातल्या उतारावर पाय घसरला तर मी दोघींना सावरू शकणार नाही. हे त्याचे शहाणपण आमच्या सर्व प्रवचनांहून मोलाचे वाटले. अॅव्हेंजरवर ती सहज चढली. मात्र मागच्या चाकाच्या अगदी माथ्यावर बसावे लागते, म्हणून अस्नोड्यापर्यंतच्या खड्ड्यांत तिने प्रत्येक संताचे नाव घेतले. पुढे मीटिअर. कोपऱ्यावरच्या मेस्त्रीने पान्याने मागच्या शॉकअपच्या स्प्रिंगा दोन खाचा घट्ट करून दिल्या. दोन माणसांच्या वजनास स्प्रिंग फार सैल असली तर ती तळाशी जाऊन आपटते, हे पुष्कळांस ठाऊकच नसते. पाच मिनिटांचे काम. कितीतरी लोक गाडीस नावे ठेवतात आणि त्या खाचा जन्मभर विकत घेतल्या त्या जागी असतात. चाकांतली हवाही मेस्त्रीने मोजली.

कोलवाळच्या पुलावर आम्ही आईस विचारले, कसे वाटते? ती म्हणाली, “फादर, ही बरी. पण पायच्या गाडीवर मी त्याच्या पाठीला टेकते, इथे पोराची पाठ दूर आहे.” क्रूझरवर चालविणारा मागे रेलून खाली बसतो आणि मागचा त्याच्याहून उंच, वेगळ्याच बैठकीवर, ही गोष्ट कोणत्याही माहितीपत्रकात लिहिलेली नसते. शेवटी मागे पाठ टेकावयास एक आधार बसवून घ्यावा असे ठरले, आणि डाव्या बाजूस रुंद पायटा.

मीटिअर घेतली गेली. जूनच्या पहिल्या आठवड्यात ती हार घालून पायऱ्यांशी आली. आकाश भरले होते. आम्ही नियमाप्रमाणे बसावयास निघालो तो बाप पुढे झाला. “पाद्रीबाब, आज मी बसतो.” अठ्ठावीस वर्षे ज्याने इतरांना मागे बसविले तो माणूस स्वतः मागे कसा बसावे हे जाणत नव्हता, हात कोठे ठेवावे ते कळेना, शेवटी मुलाच्या खांद्यावर ठेवले. दोघेही शिरस्त्राण घालून. बाजार, गतिरोधक, उतार, दोन वळणे. आम्ही आईसह पायऱ्यांवर उभे राहिलो.

नेहमीपेक्षा फेरीला बराच वेळ लागला. परत आले तेव्हा पाऊस सुरू झाला होता आणि गाडी बाप चालवीत होता, मुलगा मागे. पवित्र पाण्याची आता फारशी गरज राहिली नव्हती, तरी आम्ही शिंपडले.